हॉर्नबाई आणि एक जीबी

बाईंनी कळ दाबली आणि वाट पाहत बसल्या.

समोरच्या खुर्चीत एक काकू बसल्या होत्या. मुलीला गाडी शिकवायची म्हणून चौकशीला आल्या होत्या आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला होता, "शिकवायला तुम्ही स्वतः असता ना?" उत्तर बाईंच्या पुढ्यातल्या वहीएवढ्या लॅपटॉपमध्ये तयार होतं, बाईंच्याच आवाजात, सतराव्या नंबरची फाइल: "हो, नक्कीच." पण पडद्यावर ते मेलं गोल कडं फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. काकू पडद्याकडे बघायच्या, मग बाईंच्या गळ्याभोवतीच्या रुमालाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. बाईंनी दुसरी कळ दाबली, तिसरी दाबली, रागाच्या भरात हाताला येईल ती दाबली. कडं फिरत होतं.

शेवटी पलीकडच्या टेबलावरून धाकटा भाऊ बोलला. तो बोलणारच होता.

"ताईला असं म्हणायचंय की आता तिने शिकवणं सोडलंय. तब्येत तुम्ही बघताच आहात. आपल्याकडे नवे सर आलेत. फार शांत स्वभावाचे आहेत."

बाईंनी टेबलावर हात आपटला. काकू दचकल्या, मग कनवाळूपणे हसल्या. ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसणार अशी बऱ्याच लोकांची खात्री असते, तशा त्या बाईंच्या तोंडाजवळ वाकून मोठ्याने म्हणाल्या, "काळजी घ्या हं!" आणि शांत स्वभावाच्या सरांची वेळ विचारून निघून गेल्या.

त्यानंतर चार मिनिटांनी यंत्राला कंठ फुटला. रिकाम्या खुर्चीला ते म्हणालं, "हो, नक्कीच." मग बाईंनी दाबलेलं सगळं रांगेने बाहेर आलं. "मला थोडं पाणी मिळेल का?" "कृपया पंखा कमी करा." "धन्यवाद. तुमचा दिवस आनंदात जावो." सगळं कसं साखरेत घोळलेलं. भाऊ फिस्सकन हसला. हसू दाबायचा त्याने प्रयत्न केला हे खरं, पण बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती गेलीच.

चौतीस वर्षं बाईंनी माणसांना गाडी शिकवली होती. त्यांच्या शाळेच्या गाडीला हॉर्न होता, पण तो वाजवायची वेळ क्वचित यायची. शेजारच्या सीटवरून बाई "ब्रेक!" म्हणून ओरडल्या की आपल्या गाडीचा तर सोडाच, समोरून येणाऱ्या गाडीचाही ब्रेक लागायचा. लोक त्यांना हॉर्नबाई म्हणायचे, आधी पाठीमागे आणि नंतर तोंडावरही. शिव्या खाल्ल्याशिवाय कुणाला परवाना मिळाला नाही आणि ज्यांना मिळाला त्यांनी नंतर कुणाला धडक दिली नाही. मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी अख्खं स्वरयंत्र काढून टाकलं आणि श्वासासाठी गळ्याच्या तळाशी एक भोक ठेवलं. त्यावर रुमाल. राग मात्र डॉक्टरांनी काढला नव्हता. तो होता तसाच होता, त्याची बाहेर पडायची वाट तेवढी बुजली होती.

ऑपरेशनच्या आधी आठ दिवस हातात होते. त्या आठ दिवसांत बाईंचा आवाज भरून ठेवायचा असं ठरलं. दवाखान्यातून एक वाचाशिक्षिका यायची, सोबत दोनशे वाक्यांची यादी, मायक्रोफोन आणि रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम. बाई शाळा सोडून जायला तयार नव्हत्या, म्हणून रेकॉर्डिंग शाळेच्याच ऑफिसात, खिडकीशी झालं. खाली आवारात शिकाऊ गाड्या घरघरत होत्या. माइक भावाच्या हातात. "ताई, जरा गोड. ताई, जरा हसून म्हण. हे तुला आयुष्यभर वापरायचंय." मला भूक लागली आहे. मला दुखत आहे. कृपया, धन्यवाद, माफ करा. बाईंनी शहाण्यासारखी दोनशेच्या दोनशे वाक्यं म्हटली.

आणि त्या यादीत "ब्रेक" नव्हतं. "क्लच" नव्हतं. "नाही" होतं, पण ते "नाही, आभारी आहे" असं होतं. वाचाशिक्षिकेच्या दोन पदव्या होत्या, भावाने आयुष्य त्याच शाळेत काढलं होतं आणि बाई तर बाईच. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की या बाईला ओरडावं लागतं. दिवसातून शंभरदा तोंडातून जाणारा शब्द उद्या जाणार नाही, हे कुणाला खरंच वाटलं नव्हतं. ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं तरी बाईंना त्या यादीचा राग आला की जेवण जायचं नाही.

त्यात दीड वर्षात लॅपटॉपही म्हातारा झाला. होताच म्हातारा, आता अंथरुणाला खिळला.

काकू गेल्या आणि भावाने दोन कागद बाईंच्या पुढ्यात ठेवले. पहिला परवाना कार्यालयाचा. शिकवणाऱ्याचा बिल्ला पुढे चालू ठेवायचा तर गुरुवारी सकाळी नऊला निरीक्षकासमोर गाडीत बसून शिकवून दाखवा. त्यात एक ओळ ठळक छापली होती: सूचना शिकाऊ चालकाला स्पष्ट आणि तत्काळ ऐकू आल्या पाहिजेत. दुसरा कागद भावाने टाइप करून आणला होता. "मी स्वखुशीने शिकवण्याचे काम थांबवत आहे." खाली बाईंचं नाव, सहीसाठी जागा.

"ताई, आज शनिवार आहे. गुरुवारपर्यंत विचार कर," भाऊ म्हणाला. "मी तुझ्यासाठी टॅबलेट आणलाय की. त्यातली बाई किती छान बोलते. आता दगदग कशाला?"

टॅबलेटमधली बाई छान बोलायची यात शंका नाही. विमान कोसळताना सुद्धा तिने त्याच सुरात सांगितलं असतं. पण टॅबलेट म्हणजे गुळगुळीत काच. काचेवरचं बटण शोधायला मान खाली घालावी लागते आणि शिकवताना नजर रस्त्यावरून हलली की संपलं. बाईंना कळा हव्या होत्या, बोटांना न बघता सापडणाऱ्या. आणि बोलणं आपलं हवं होतं. त्यांनी वहीत लिहिलं, "माझी स्वखुशी तू कशी टाइप केलीस?" भावाने वाचलं आणि नेहमीचा समजूतदार सुस्कारा टाकला. त्या सुस्काऱ्यापेक्षा त्याने थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं.

सोमवारी लॅपटॉप काखेत मारून बाई दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. त्याचं दुकान एका जिन्याखाली होतं, आणि तो इतका ऐसपैस होता की दुकान त्याने अंगात घातल्यासारखं वाटायचं. चौथ्या खेपेला परवाना मिळालेला हा बाईंचा जुना विद्यार्थी. बाईंना पाहताच तो स्टुलावर ताठ बसला आणि त्याचा हात आपोआप सीट बेल्ट शोधायला खांद्याशी गेला.

बाईंनी लॅपटॉप पुढे ठेवला.

"बाई, हे मशीन संपलं," तो म्हणाला. "काही होणार नाही याचं."

लॅपटॉपचं झाकण अजून बंद होतं. बाईंनी झाकणाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. ती नजर त्याला ठाऊक होती. पार्किंग करताना तीनदा खांबाला घासल्यावर हीच नजर त्याच्यावर पडली होती.

"बाई, तुमच्या भावाचा फोन आला होता सकाळी," त्याने एका दमात सांगून टाकलं. "ताई येईल, नादुरुस्त आहे म्हणून सांग, आणि ठेवून घे म्हणाला. तिच्या भल्यासाठीच. मी काय करणार, शेजारीपाजारी राहतो आपण!"

बाईंच्या हातातली पेन्सिल कागदात घुसली. "उघड," त्यांनी लिहिलं.

त्याने उघडलं. पडदा उजळेपर्यंत एक गिऱ्हाईक येऊन चार्जर घेऊन गेलं.

"हे बघा, यात रॅम एक जीबी," तो आता मनापासून सांगायला लागला. "रॅम म्हणजे काम मांडायचं टेबल समजा. तुमची ही जुनी सिस्टीम सकाळी आल्या आल्या त्या टेबलावर स्वतःचाच पसारा मांडते. अपडेट, व्हायरसवरचा पहारा, हवामान, रंगीत चित्रं, कुणी न मागितलेल्या सूचना. तुमच्या फाइलला ठेवायला कोपरासुद्धा उरत नाही. मग ती एक वस्तू उचलून कपाटात टाकते, दुसरी काढते, पुन्हा पहिली शोधते. ते कडं फिरतं ना, ती सगळी ने-आण. बोलायचं तुम्हाला असतं आणि जागा अडवून ती बसलेली."

बाईंनी लिहिलं, "म्हणजे माझा भाऊ."

हसावं की नाही हे दुरुस्तीवाल्याला ठरवता येईना. त्याने खणातून एक पेनड्राइव्ह काढला. "यात लिनक्स आहे. हलकी सिस्टीम. दिसायला काही नाही, नखरे नाहीत, सांगितलं तेवढं करते. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघू. जमलं तर मग डिस्क पुसून आत बसवू. द्या इकडे."

बाईंनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि लिहिलं, "मी करणार. तू शेजारच्या सीटवर."

मग त्या जिन्याखाली उलटा तास भरला. बाई कळांवर आणि दुरुस्तीवाला शेजारी स्टूल ओढून. "मशीन सुरू झाल्या झाल्या एफ बारा दाबायचं. थांबा. अजून नाही. आता! बाई, आता! अहो आता दाबा की, गेलं ना!" तो ओरडला आणि स्वतःच्याच आवाजाने गारठला. बाई हसल्या. आवाज न होता हसल्या, पण खांदे हलले. कित्येक महिन्यांत कुणी त्यांच्यावर ओरडलं नव्हतं. सगळे आजाऱ्याशी बोलतात तसं बोलायचे.

पहिला पेनड्राइव्ह फुकट गेला. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली, हा प्रोसेसर जुना आहे, ही आवृत्ती याच्यावर चालणार नाही. "बत्तीस बिटवाली लागेल," म्हणत त्याने अर्धा तास खण उपसले आणि दुसरा शोधून काढला. त्यावर मात्र पडदा उजळला. राखाडी पडदा आणि खाली एक बारीक पट्टी, बाकी काही नाही. ना डोंगराचं चित्र, ना हवामान. दुरुस्तीवाल्याने एक आकडा दाखवला, हजारातले जेमतेम सव्वाशे एमबी वापरात, बाकी टेबल मोकळं. बाईंनी डिस्क उघडली, सतरा नंबरची फाइल दाबली, आणि बोट कळेवरून उचलायच्या आत यंत्र म्हणालं, "हो, नक्कीच."

बाई दोन मिनिटं नुसतं तेच ऐकत राहिल्या. हो, नक्कीच. हो, नक्कीच. हो, नक्कीच.

"छान. आता तुमचा 'आवाज' फोल्डर बाहेर काढून घेतो आणि बाकी डिस्क पुसतो," दुरुस्तीवाला म्हणाला.

बाईंनी त्याचं मनगट धरलं. दीड वर्ष त्या डिस्कवर त्यांनी एकच फोल्डर पाहिला होता, "आवाज." आज त्याच्या शेजारी दुसरा होता. त्याचं नाव होतं "टाकाऊ."

"हा लपवलेला असणार," तो म्हणाला. "रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम मध्येच बिघडलेली वाक्यं असा एखादा फोल्डर करून लपवून ठेवतो. जुनी सिस्टीम लपवलेलं दाखवत नाही. हिला कुणी लपवलंय वगैरे कळत नाही. जे आहे ते दाखवते."

आत एकसष्ट फाइली होत्या. बाईंनी पहिली उघडली. बाईंचा गोड आवाज सुरू झाला, "मला थोडं पाणी मिळे—" आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग:

"ब्रेक! अरे ब्रेक दाब ब्रेक! भिंत काय तुझ्या सासऱ्याची आहे!"

दुरुस्तीवाल्याचा उजवा पाय जमिनीवर दाणकन आपटला. ब्रेक नव्हता तिथे.

सगळं होतं. खिडकीशी बसून गोड वाक्यं म्हणताना खाली आवारात जे जे चुकलं त्याला बाईंनी जी जी दाद दिली होती, ती सगळी. "क्लच! क्लच सोड हळू, कोंबडी धरलीस का?" "आरसा बघ आरसा! स्वतःचं तोंड नको बघू!" "थांब म्हटलं की थांबायचं!" आणि भावाने मध्येच वाक्य सांगून दिलं तेव्हाचं, "तू मध्ये बोलू नकोस, मला बोलू दे!" दोनशे गुळमुळीत वाक्यांच्या मागे बाई अख्ख्या शिल्लक होत्या, आणि त्यांना टाकाऊ म्हणून बाजूला काढलं होतं. बाईंचे डोळे भरून आले. जिथे फाइल संपायची तिथे पुढची शिवी त्यांच्या ओठांवर तयार असायची, नुसत्याच हलणाऱ्या ओठांवर.

शेवटची फाइल मोठी होती. "कृपया मला जरा वेळ—" आणि मग कुंड्या फुटल्याचा आवाज, बाईंच्या चपला जिन्यावरून खाली धावत गेलेल्या. माइक चालूच राहिलेला. मग वाचाशिक्षिका: "तुमच्या बहिणीचा आवाज भारी आहे हो." आणि मग भाऊ, हसत: "तुम्हाला आठ दिवस. मी जन्मापासून ऐकतोय. खरं सांगू का, एका अर्थी बरंच झालं. आता जरा शांतता मिळेल."

दुरुस्तीवाला खाली वाकून स्क्रू शोधायला लागला. स्क्रू पडलेला नव्हता.

याच भावाने दवाखान्यात वीस दिवस नळीतून त्यांना पेज भरवली होती, खाली फरशीवर झोपला होता, रुमाल धुतले होते. हे सगळं खरं होतं आणि त्याचं ओझं दीड वर्ष बाईंच्या मानेवर होतं. त्या ओझ्यामुळेच "ताईला असं म्हणायचंय" त्यांनी गिळलं होतं, दिवसातून दहा वेळा. आणि त्याला शांतता हवी होती. ऑपरेशनच्या आधीपासून हवी होती. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या, म्हणून तर बाईंना राग आवरेना. नुसता दुष्ट असता तर सोपं गेलं असतं.

त्यांनी वहीत लिहिलं, "हीसुद्धा ठेव."

दोन्ही फोल्डर आधी पेनड्राइव्हवर सुखरूप गेले, मग डिस्क पुसली आणि लिनक्स आत बसली. पुढचे दोन दिवस बाई घरी दुपारभर लॅपटॉपला चिकटून होत्या. एका साध्या फाइलमध्ये ओळी लिहायच्या होत्या, एका ओळीत एक कळ आणि तिच्यापुढे कोणती फाइल वाजवायची तिचा पत्ता. मंगळवारी सगळ्या कळा एकाएकी मुक्या झाल्या. बाईंनी दात ओठ खात चाळीस ओळी तपासल्या आणि तिसऱ्या ओळीत एक अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं होतं ते सापडलं. ही सिस्टीम चूक पोटात घालत नव्हती, पण मुद्दाम अडवतही नव्हती. बाईंना ते पटलं, त्यांची स्वतःची शिकवण्याची रीत काही वेगळी नव्हती. महत्त्वाच्या कळांवर त्यांनी गोंदाचा एकेक थेंब वाळवला, बोटाला लागावा म्हणून. कोपऱ्यातल्या एका कळेवर दोन थेंब.

भावासमोर त्यांनी आवाज काढला नाही. बुधवारी तो डोकावला. "ताई, अजून त्या डबड्याशी खेळतेस? सही करायचीय ना?"

बाईंनी मान हलवली. ती होय म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्याने नेहमीप्रमाणे स्वतःच ठरवलं.

गुरुवारी नऊला गाडी आवाराच्या फाटकाशी उभी होती. स्टिअरिंगवर एक नर्स, ऑपरेशनच्या आधीपासूनची बाईंची सर्वांत घाबरट विद्यार्थिनी, अजून बिनपरवान्याची. आयुष्यभर लोकांच्या जखमा बांधत आलेली ती, क्लच म्हटलं की पांढरी पडायची. बाईंनी मुद्दाम तिलाच निवडलं होतं. शेजारच्या सीटवर बाई, मांडीवर लॅपटॉप, त्यातून एक वायर गाडीच्या स्पीकरला जोडलेली. मागे निरीक्षक साहेब, आणि त्यांच्या शेजारी न बोलावता भाऊ. खिशात तो कागद.

"हे काय आहे?" साहेबांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "नातवंडाचं खेळणं वाटतंय."

"साहेब, ताईला असं म्हणायचंय की," भावाने सुरुवात केली, "प्रयत्न करून बघावा म्हणून नुसती बसलीय ती, पण खरं तर—"

"तू मध्ये बोलू नकोस, मला बोलू दे!"

चार स्पीकरमधून एकदम. भावाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. दीड वर्षाने ते ओरडणं त्याच्या कानावर पडत होतं. साहेबांनी कागद लावलेल्या पाटीवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "चला."

नर्सने गाडी काढली आणि पहिल्याच वळणावर इंजिन गचके खायला लागलं. "क्लच! क्लच सोड हळू, कोंबडी धरलीस का?" तिने पाय हळू सोडला. बाईंची नजर रस्त्यावर, बोटं कळांवर. "आरसा बघ आरसा!" तिने बघितला. बाजाराच्या रस्त्याला लागल्यावर नर्सच्या खांद्यातला ताठरपणा गेला. तिच्यावर ओरडलं की तिचं भय जायचं, हे बाईंना पहिल्या तासापासून माहीत होतं. शांत स्वभावाच्या सरांकडे ती आठवडाभर नुसती रडली होती.

मग एका गल्लीच्या तोंडातून, डाव्या-उजव्याचा काही विचार न करता, एक सायकल सटकन पुढ्यात आली.

बाईंचं बोट आधी हललं, पाय नंतर. "ब्रेक! अरे ब्रेक दाब ब्रेक! भिंत काय तुझ्या सासऱ्याची आहे!" नर्सचा पाय ब्रेकवर आदळला, गाडी जागच्या जागी थांबली, आणि बाईंचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकपर्यंत पोचलाही नव्हता. सायकलवाला तर थांबलाच, पलीकडचा भाजीवालाही हातगाडी धरून थांबला.

"भिंत कुठे आहे?" साहेबांनी खिडकीतून बघत विचारलं.

नर्स हसायला लागली. स्टिअरिंगला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग कुणी न सांगता आरसा बघून गाडी पुन्हा नीट चालू केली.

अर्ध्या तासाने गाडी फाटकाशी परत आली. साहेबांनी पाटीवर सही ठोकली. "सूचना स्पष्ट आणि तत्काळ," ते म्हणाले. "जरा जास्तच स्पष्ट. पण नियमात त्याची मर्यादा दिलेली नाही. बिल्ला चालू राहील, बाई."

बाईंनी डोळे मिटले. तेवढ्यात मागून भाऊ पुढे झुकला, चेहरा उजळलेला, हात बाईंच्या सीटच्या पाठीवर.

"साहेब, मी तर पहिल्यापासून सांगत होतो, हिला घरी बसवू नका म्हणून! हा आवाज म्हणजे आमच्या शाळेचं वैभव आहे. ताईला असं म्हणायचंय की हे सगळं माझ्यामुळेच—"

बाईंचं बोट कोपऱ्यातल्या कळेवर गेलं. दोन थेंब.

"तुम्हाला आठ दिवस. मी जन्मापासून ऐकतोय. खरं सांगू का, एका अर्थी बरंच झालं. आता जरा शांतता मिळेल."

भावाचं त्या वेळचं हसू सुद्धा त्यात आलं होतं, स्वच्छ.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. नर्स समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली.

"ताई," भाऊ म्हणाला. "ते तसं नव्हतं. मला असं म्हणायचं होतं की..."

आणि तिथे तो अडकला. दीड वर्ष बाईंचं प्रत्येक वाक्य पुरं करणाऱ्याला स्वतःचं एक वाक्य पुरं करता येईना. बाई मागे वळल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी त्याला घाई केली नाही, मदतही केली नाही. नळीतून पेज भरवताना दिसायचा तसाच त्याचा चेहरा रडवेला झाला होता, आणि ते बाईंना दिसलं. राग तरीही उतरला नाही. त्यांनी हात पुढे केला. भावाने खिशातला कागद काढून त्या हातावर ठेवला. बाईंनी कागदाचे चार तुकडे केले आणि त्याच्याच मुठीत परत दिले.

मग त्या समोर वळल्या आणि त्यांनी एक कळ दाबली. त्यानेच माइक धरून, हसून म्हण, गोड म्हण, असं सांगत भरून घेतलेलं वाक्य.

"धन्यवाद. तुमचा दिवस आनंदात जावो."

भाऊ दार उघडून उतरला. साहेब दुसऱ्या बाजूने उतरले आणि त्याच्याकडे न बघता आपल्या वाटेने चालू लागले. नर्सच्या तासातली अजून वीस मिनिटं शिल्लक होती.

"आरसा बघ आरसा!" स्पीकर कडाडला. "स्वतःचं तोंड नको बघू!"

नर्सने आरशात पाहिलं. फाटकाशी भाऊ तुकडे मुठीत धरून उभा होता. तिने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, क्लच हळू सोडला आणि रस्त्यावर घेतली. बाईंनी मागे पाहिलं नाही.